डावीकडची कोरी बाजू

माझं अक्षर चांगलं आहे. हे मी कौतुकानं सांगत नाही, तक्रार म्हणून सांगते आहे. लहानपणी जो तो माझी वही उघडून म्हणायचा, छापल्यासारखं आहे हो, आणि मी खाली मान घालून ते ऐकून घ्यायची. हळूहळू ते अंगात भिनलं. वहीच्या पानावर एक अक्षर जरी खोडावं लागलं तरी मी ते पान फाडायची. मग त्याचं जोडपान सुटायचं, तेही फाडायची. दिवाळीपर्यंत वही निम्मी व्हायची. आई म्हणायची, "ही पोरगी लिहिते कमी अन् वही सोलते जास्त."

बाबा अमरावतीला वकील होते, दिवाणी बाजूचे. राजापेठेत खाली त्यांचं ऑफिस आणि वर आम्ही. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, कचेरीच्या आवारात अर्जनवीस होते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज लिहून द्यायचे. त्यांची एक पद्धत होती. कागद मधोमध उभा दुमडायचा, घडी उलगडायची, आणि फक्त उजव्या अर्ध्या भागात पेन्सिलीनं लिहायचं. डावा अर्धा भाग कोरा. हे झालं कच्चं. मग ज्याचा अर्ज त्याला ते वाचून दाखवायचं. तो म्हणायचा, असं नाही, विहीर बांधाच्या अलीकडं आहे, की तेवढी दुरुस्ती डावीकडच्या कोऱ्या बाजूला. सगळं त्याच्या मनासारखं झालं की मग शाईनं पक्कं. आजोबांची दोन्ही मुलं त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसून हेच शिकली. थोरले ते माझे मोठेबाबा, अकोल्याला शाळेत लागले आणि हेडमास्तर होऊन निवृत्त झाले. धाकटे माझे बाबा. वकिलीत टाइपरायटर आला, कॉम्प्युटर आला, पण बाबांचं कच्चं शेवटपर्यंत उजव्या अर्ध्या पानावर, पेन्सिलीनं, कुठल्या तरी जुन्या कागदाच्या पाठीवर.

कोर्टाचं टाइप व्हायचं. घरची पत्रं मात्र हातानं लिहिली जायची, आणि ती पक्की करायचं काम सातवीपासून माझ्याकडे आलं. बाबांचं कच्चं म्हणजे नुसता चिखल. खाडाखोड, बाण, आडव्यातिडव्या ओळी. मी त्यातून एक स्वच्छ, समासात बसलेलं पान काढायची. बाबा ते न वाचता खाली सही करायचे. एवढा विश्वास. याचा परिणाम असा झाला की मी आयुष्यात कच्चं असं कधी केलंच नाही. कच्चं बाबांचं, पक्कं माझं, अशी आमची वाटणी होती.

मी अकरावीत असताना आजी गेली. ती तेव्हा अकोल्याला मोठेबाबांकडे होती. एप्रिलचा शेवट होता. निरोप आला तेव्हा बाबांचा कोर्टात युक्तिवाद चालू होता. तो आटोपून ते निघाले, बडनेऱ्याला गाडी उशिरा आली, आणि अकोल्याच्या स्मशानात पोचले तेव्हा चार वाजले होते. सरण पेटलेलं होतं. बाबा कुणाशी एक शब्द न बोलता तिथूनच परत फिरले. आजीचं तेरावं दोन गावी दोन घरी झालं.

चौदाव्या दिवशी बाबांनी मोठेबाबांना लिहायच्या पत्राचं कच्चं केलं. 'तुला दोन तास थांबता आलं नाही' हे वाक्य त्यात तीन तऱ्हांनी लिहिलेलं होतं, दोन खोडलेल्या. मी फुलस्केप घेतला आणि बसले. पत्र नेमकं एका पानात बसत होतं. शेवटच्या ओळीखाली सहीपुरती जागा उरली आणि मला स्वतःचंच फार कौतुक वाटलं. मग लक्ष गेलं की कच्च्याच्या डाव्या बाजूला, अगदी तळाशी, बाबांनी आडवं काहीतरी लिहून बाणानं शेवटाला जोडलं होतं. 'वर्षश्राद्धाला दोघं एकत्र बसू. बोलव.'

जागा नव्हती. दुसरं पान घ्यायचं तर त्यावर एवढीच ओळ आणि सही, बाकी सगळं रिकामं. वाईट दिसलं असतं. वरचं सगळं बारीक अक्षरात पुन्हा लिहायचं तर तास गेला असता. आणि खरं सांगायचं तर सोळा वर्षांच्या मला ती ओळ त्या पत्राला शोभतच नव्हती. एवढं धारदार पत्र, आणि शेवटी हे असं मऊ. मी ती ओळ सोडून दिली. बाबांनी न वाचता सही केली आणि पत्र गेलं.

उत्तर आलं नाही. वर्षश्राद्धाचं बोलावणंही आलं नाही. त्या वर्षी दुपारी पोस्टमनच्या वेळेला बाबा ऑफिसच्या पायरीवर उभे राहायचे, ते कोर्टाच्या कागदांसाठी असं मला वाटायचं. दोघा भावांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. पुढं मी ती ओळ विसरून गेले. खरंच विसरले. आठवत असून लपवली असती तर निदान काही तरी केल्यासारखं झालं असतं.

शिकून मी अकोल्याच्याच एका कॉलेजात मराठी शिकवायला लागले. भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या. मोठेबाबांचं घर तिथून रिक्षानं पंधरा मिनिटांवर, आणि मी तिकडे कधी फिरकले नाही, कारण आमच्याकडे बोलणं नव्हतं. पीएचडीला नाव नोंदवलं. पहिल्या प्रकरणाची सात पानं लिहिली, एकही दोष नसलेली. आठवं पान सातव्यासारखं होईना म्हणून थांबले, आणि मुदत संपून नोंदणी रद्द होईपर्यंत थांबलेलीच राहिले. विद्यार्थ्यांना मात्र मी दर वर्षी सांगते, आधी मनात येईल तसं लिहून काढा, मग सुधारा. ते बिचारे टिपून घेतात.

परवाच्या भाद्रपदात बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं, बोलणं लोळायला लागलं. मी दर शनिवारी दुपारी अकोल्याहून गाडी धरायची, बडनेऱ्याला उतरून रिक्षानं राजापेठ, आणि रविवारी संध्याकाळी परत. दसऱ्याला मी आपट्याची पानं बाबांच्या डाव्या हातात दिली, तेव्हा ती तशीच मुठीत धरून ते म्हणाले, "दादाले पत्र लिहू. मी सांगतो. तू कर."

मोठेबाबांचं वय त्र्याऐंशी. कानांनी काही ऐकू येत नाही हे नातेवाइकांकडून कळलं होतं. म्हणजे एकाला ऐकू येत नव्हतं आणि दुसऱ्याला बोलता येत नव्हतं, फोनचा काही उपयोग नव्हता. मोबाइलवर एकमेकांना नुसतं बघता आलं असतं, पण आपलं वाकडं तोंड भावाला दाखवायची बाबांची तयारी नव्हती. शिवाय आमच्या घरात जे महत्त्वाचं ते लेखी. बाबांनी तुटक तुटक चार गोष्टी सांगितल्या. माझा राग होता. आता नाही. दोघंही थकलो. एकदा भेटू. मी मान डोलवत होते. मग ते म्हणाले, "मागच्या पत्रातबी मी म्हटलं होतं, वर्षश्राद्धाले एकत्र बसू. त्यानं मनावर घेतलं नाही."

तेव्हा मला ती ओळ आठवली. तळाशी आडवी लिहिलेली, बाण काढलेली. बाबा जवळपास तीस वर्षं असं समजत होते की त्यांनी हात पुढं केला आणि भावानं तो झिडकारला. तो हात मी पान वाईट दिसतं म्हणून कापला होता.

त्या ओळीचं मी सांगितलं नाही. म्हटलं, पत्र लिहून देते, पुढच्या रविवारपर्यंत.

आता हे पत्र साधंसुधं असून चालणार नव्हतं. मागचं सगळं त्यात भरून यायला हवं होतं. माझी चूक सांगायची, पण बाबांना धक्का बसणार नाही अशी. बाबांचा राग सांगायचा, पण मोठेबाबांना टोचणार नाही असा. वाक्य मनात नीट उभं राहिल्याशिवाय मी कागदाला पेन लावत नाही, आणि वाक्य उभं राहत नव्हतं. राजापेठेतून चांगला जाड कागद आणला. 'तीर्थरूप दादास' एवढं लिहिलं आणि 'स'चा पाय लांबला म्हणून तो कागद बाजूला ठेवला. पुढच्या शनिवारी दुसरा. मग पेन बदललं. मग दिवाळी आली, परीक्षा आल्या, पेपरांचे गठ्ठे आले. आळशी माणसाला निदान आपण आळशी आहोत हे माहीत असतं. मी तर सतत कामात होते. गठ्ठे वेळेआधी तपासून दिले, कॉलेजच्या वार्षिक अंकातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका चार चार वेळा काढल्या, घरातली सगळी पुस्तकं काढून पुसून लावली. फक्त ते एक पत्र तेवढं होत नव्हतं.

दर रविवारी बाबा विचारायचे, "झालं काय?"

"होऊन राहिलं, बाबा."

"घाई नको करू. चांगलं कर."

हे ते प्रेमानं म्हणायचे. आणि ते ऐकलं की माझे हात अजूनच आखडायचे.

असे सहा महिने गेले. गुढीपाडव्यानंतरच्या रविवारी बाबांनी विचारलं नाही. मला आधी सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायला हवं. चहा झाला, दुपार झाली, मी निघायला लागले तरी विचारलं नाही. खाली रिक्षापर्यंत आई आली. म्हणाली, "त्याईनं सोडलं आता. काल म्हणे, तिच्याच्यानं होत नसन, मी उगाच तिच्या मागं लागलो. तिले बोलू नको म्हणे."

बडनेऱ्याला मी गाडीत बसले. खिडकीजवळची जागा मिळाली. मला रडू येत नव्हतं, स्वतःचा संताप येत होता. ज्यांनी मला रागावायला हवं होतं ते आपलीच चूक म्हणून गप्प झाले होते. मूर्तिजापूरला गाडी थांबली आणि थांबूनच राहिली. पुढं कुठं तरी इंजिन बंद पडलं होतं म्हणे. लोक उतरून नळावर गेले, डब्यात उकडत होतं. पिशवीत एक उरलेली प्रश्नपत्रिका होती आणि बैठकव्यवस्था आखायची पेन्सिल. मी प्रश्नपत्रिका उलटी केली. का ते मला नीट सांगता येणार नाही, पण हातानं ती मधोमध उभी दुमडली आणि घडी उलगडली. बाबांचं कच्चं इतकी वर्षं समोर ठेवून लिहीत आले, पण तशी घडी मी तोवर एकदाही घातली नव्हती.

उजव्या बाजूला लिहायला लागले. पहिलं वाक्य भिकार होतं. दुसरं त्याहून. 'दादा, मला राग होता. आईजवळ तुला दोन तास थांबता आलं नाही याचा राग होता. आता नाही, दोघंही थकलो, एकदा भेटू.' मग बाबांच्या तोंडचं सोडून मधेच मी माझ्याच तोंडचं लिहायला लागले, जे कुठल्याही पत्रात चालत नाही. 'मोठेबाबा, मागच्या पत्रात बाबांनी एक ओळ लिहिली होती. वर्षश्राद्धाला दोघं एकत्र बसू, बोलव. ती मी गाळली. पान पुरत नव्हतं म्हणून.' एवढं लिहिलं आणि गाडी हलली. पेन्सिल घसरली, शेवटच्या शब्दावरून एक रेघ गेली. सहा महिने जे होत नव्हतं त्याला पाऊण तास लागला होता.

आठवडाभर तो कागद माझ्या टेबलावर होता. बुधवारी मी जाड कागद आणि पेन काढलं. म्हटलं, मजकूर तर आहे, आता नुसतं पक्कं करायचं. 'तीर्थरूप' एवढं लिहिलं आणि माझंच मला कळलं की मी पुन्हा त्याच रस्त्याला लागले आहे. पेन ठेवून दिलं. सोपं नव्हतं ते. तो कागद तसाच पिशवीत टाकताना, अंघोळ न करता कुणाच्या घरी जेवायला गेल्यासारखं वाटत होतं.

शनिवारी बाबांना वाचून दाखवलं. ती गाळलेली ओळही वाचली. बाबा छताकडे बघत होते. मग त्यांनी मान भिंतीकडे वळवली आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. आईनं काय झालं म्हणून विचारलं, मी सांगितलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. दिवेलागणीला बाबांनी कागद मागितला. डाव्या हातानं खाली एक वेडीवाकडी सही केली, इतकी वेडीवाकडी की ती त्यांची म्हणून कुठल्याही कोर्टानं मानली नसती.

"असंच दे," ते म्हणाले. "पक्कं नको करू."

रविवारी अकोल्याला उतरले ती स्टेशनवरून सरळ मोठेबाबांकडे गेले. दार मोठीआईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, उघडलं. माझं नाव सांगितल्यावर ती म्हणाली, "अक्षरवाली काय तू?" त्या घरात मी तेवढीच उरले होते.

मोठेबाबा पलंगावर टेकून बसले होते. खूप वाळलेले. छातीचं दुखणं, डॉक्टरांनी जिना चढायला-उतरायला बंदी केलेली. त्यांनी कागद हातात घेतला आणि वाचायच्या आधी मधल्या घडीवरून अंगठा फिरवला.

"कच्चं हाय हे," ते मोठ्यानं म्हणाले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं.

मी मान हलवली.

"बरं केलं. ते पत्र तुह्या हातचं होतं. मी म्हटलं, असं पत्रबी लेकीच्या हातून लिहून घेतलं, म्हंजे याले सोता लिहायचीबी इच्छा नाही."

भिंग लावून त्यांनी सगळं वाचलं. वेळ लागला. एका जागी थांबले, मागं गेले, पुन्हा तिथंच आले. मग मोठीआईला खुणेनं पेन मागितलं. मला वाटलं उत्तर लिहायला वेगळा कागद लागेल म्हणून मी पिशवीत हात घातला, पण त्यांनी तोच कागद मांडीवर पाटीसारखा धरला आणि डावीकडच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागले. दोन ठिकाणी लिहिलं, दोन्ही थोडकं. मी लगेच आईला पाठवावा म्हणून फोटो काढायला मोबाइल काढला, तर म्हणाले, "फोटो नको. कागद ने."

सोमवारी मी कॉलेजला रजा टाकली. कागद हातात असताना शनिवारची वाट बघायची नव्हती. सकाळच्या गाडीनं अमरावतीला गेले आणि तो बाबांच्या समोर धरला.

'दोन तास थांबता आलं नाही' या वाक्यासमोर मोठेबाबांनी लिहिलं होतं, 'थांबलो होतो. दोन वाजेपर्यंत. ऊन फार होतं. आईकडे पाहवत नव्हतं.'

आणि माझ्या गाळलेल्या ओळीसमोर, 'ही आली असती तर बोलावलं असतं.'

बाबा पहिली दुरुस्ती वाचून रडले. झटक्यानंतर त्यांचं रडणं अर्ध्याच तोंडानं येतं, ते बघवत नाही. दुसरी वाचून त्यांनी कागद छातीवर ठेवला. मी म्हटलं, "बाबा, माझ्यामुळे झालं."

"हो," ते म्हणाले.

मला वाटलं होतं ते जाऊ दे म्हणतील. म्हणाले नाहीत, आणि बरंच झालं. जाऊ देण्याइतकं ते लहान नव्हतंच.

उत्तर मात्र त्यांना स्वतःच्या हातानं द्यायचं होतं. उजवा गेला तर डाव्यानं. आईनं पुढं जुन्या कागदांचा गठ्ठा ठेवला आणि ते बालवाडीतल्या पोरासारखे गिरवायला लागले. पुढच्या शनिवारी मी गेले तेव्हा पलंगाखाली कागदांचा ढीग होता. सगळ्यांवर 'दादा', 'दादा', 'दादा'. पुढं काही नाही.

"अजून चांगलं येऊ दे," बाबा म्हणाले. "द पडते."

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "आता हे सुरू."

रविवारी दुपारी ते एक नवा कागद घेऊन बसले. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. पहिला दा बरा आला. दुसरा कलंडला. कलंडलेला दिसताच त्यांनी कागद बाजूला सारायला हात उचलला, आणि मी तो कागद त्यांच्या हाताखालून ओढून घेतला. आयुष्यात मी बाबांच्या हातून काही हिसकावलं नव्हतं.

"थांब. नीट करतो," ते म्हणाले.

"नाही बाबा. हाच नेते."

"अर्धं हाय ते."

"असू द्या."

ते चिडले. डावा हात पलंगावर आपटला. मी कागद पिशवीत घालून जिना उतरले आणि संध्याकाळी मोठेबाबांच्या हातात दिला. त्यावर एकच शब्द होता, तोही एका बाजूला झुकलेला. त्यांनी भिंग घेतलं नाही, कागद नुसताच डोळ्यांजवळ नेला. कितीतरी वेळ बघत बसले. मग मोठीआईला म्हणाले, "लहानपणीबी त्याचा दुसरा द असाच पडे. आमचे बाबा मारत त्याले." आणि मला म्हणाले, "येत्या रविवारी गाडी करून आण त्याले. मले जिना उतरता येत नाही, त्याले चढता येत नाही. पोरं उचलून आणतीन."

मी रिक्षातून घरी येताना, फार वर्षांनी, काही तरी पार पाडल्यासारखी बसले होते. बाबांना रात्री फोनवर सांगितलं तर रागातच होते, पण आईला म्हणाले म्हणे, पांढरा सदरा इस्त्री करून ठेव.

शुक्रवारी सकाळी सहाला मोठीआईचा फोन आला. मोठेबाबा पहाटे गेले होते. ती रडत नव्हती. म्हणाली, "तुह्या बाबाले आणाची व्यवस्था कर. बर्फाची पेटी मागवली हाय. सावकाश आण म्हणा. आमी थांबून राहिलो."

आईनं तिकडून गाडी ठरवली. मी सात वाजल्यापासून त्या घरी होते. समोरच्या खोलीत काचेची पेटी, तिच्या यंत्राची घरघर, बाहेर एप्रिलचं ऊन. नऊ वाजले, दहा वाजले. माणसं येत होती, हात जोडून मागं सरकत होती आणि सावली शोधत होती. कुणी तरी हळूच म्हणालं, कितीक वेळ ठेवता, ऊन वाढून राहिलं. मोठीआई दर वेळी तेवढंच म्हणायची, "भाऊ येऊन राहिला त्याईचा." थांबणं म्हणजे काय असतं ते मी त्या दिवशी पाहिलं. तेव्हाही असंच थांबले असतील, पेटीशिवाय. आणि आम्ही त्यावर एक धारदार पत्र लिहिलं होतं, एका पानात बसणारं.

एक वाजता गाडी आली. चौघांनी बाबांना खुर्चीसकट उचलून वर आणलं. अंगात तो पांढरा सदरा होता. खुर्ची पेटीजवळ ठेवली. बाबांनी डावा हात काचेवर ठेवला आणि तसाच ठेवून बसले. पेटीत मोठेबाबांच्या छातीशी एक घडी केलेला कागद होता. तो मोठीआईनं ठेवला होता, घडीबाहेर राहिलेल्या कलंडलेल्या 'दा'वरून कुठला ते मी ओळखलं.

बऱ्याच वेळानं बाबा लोळत्या जिभेनं म्हणाले, "उशीर झाला."

मोठीआईला वाटलं ते रस्त्याचं म्हणताहेत. ती खाली वाकून, त्यांना दिसेल अशी मान हलवत म्हणाली, "नाही भाऊजी. वेळेवर आले तुमी. आमीच थांबलो होतो."

मी मागं पाण्याचा पेला घेऊन उभी होते. बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि दसऱ्यापासून पाडव्यापर्यंतचे सहा महिने कशात गेले ते आम्हा दोघांना माहीत होतं. मी पुढं होऊन पेला त्यांच्या ओठाला लावला. अर्धं पाणी नेहमीसारखं सदऱ्यावर सांडलं.